भाकरीची वेळ



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांच्या केसपेपरवर एक रकाना असायचा. तो मी दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात पाहिला नाही. ‘काल रात्री किती वाजता जेवलात?’ गावात तेव्हा साखर मोजायचं मीटर कुणाकडेच नव्हतं. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग हिरवा झाला, पिवळा झाला की विटकरी, त्यावरून अंदाज बांधायचा. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी काम करणाऱ्या माणसाने वेळेचा रकाना ठेवला होता. आजचा विषय मी त्या रकान्यातूनच घेतला आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आहाराची जेवढी चर्चा झाली, तेवढी बहुधा आधीच्या पन्नास वर्षांत झाली नसेल. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवला. दिवसातून दोनदाच जेवायचं, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं. दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारेही होतेच. त्याच सुमारास ‘लो-कार्ब’ हा शब्द तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोचला. आता माझ्याकडे येणारे पेशंट स्वतःच सांगतात, “डॉक्टर, भात सोडला, पोळी एकावर आणली.” किती खायचं याचा हिशेब लोकांनी समजून घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जी एक पोळी उरली ती कधी खायची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

थोडी आकड्यांची पायाभरणी करतो. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्या आहाराला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात, आणि ५० ग्रॅमच्या खाली गेलं की तो कीटो. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. यातले कितीतरी जण दिसायला सडपातळ असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे जगाला दाखवून दिलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिनांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपलं वजन वाढलेलं नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं समजणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो फोटो एकदा बघावा.

मुद्द्यावर येतो. प्रमाण पहिलं, वेळ दुसरी. चार पोळ्या आणि दोन वाट्या भात खाणाऱ्याला घड्याळ वाचवू शकत नाही. पण ज्याने कर्बोदकं ऐंशी-शंभर ग्रॅमवर आणली आहेत, त्याने ती दिवसात कुठे ठेवली याने त्याच्या साखरेत ठळक फरक पडतो. आणि त्यासाठी गोळी लागत नाही, महागडं पीठही लागत नाही.

हे कसं घडतं, ते बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर शंभर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी घ्या. ज्वारी असो की गहू, शंभर ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. म्हणजे एका भाकरीतून सात-आठ चमचे ग्लुकोज तासा-दीड तासात रक्तात उतरणार, आणि रक्तात एरवी फिरत असतो तो एकच चमचा. निरोगी माणसाचं स्वादुपिंड पहिल्या दहा मिनिटांतच साठवलेलं इन्सुलिन सोडून हा लोंढा सांभाळतं. टाइप टू मधुमेहात सगळ्यात आधी हाच पहिला झोत कमी होतो. इन्सुलिन येतं, पण उशिरा येतं. म्हणून मधुमेह्याच्या बाबतीत साखर किती येते याच्या जोडीला ती कधी आणि किती वेगाने येते, हे बघावंच लागतं.

सगळ्यात अवघड प्रश्न सकाळचा आहे, तेव्हा त्यावर जरा जास्त वेळ घेतो.

सकाळी शरीर साखर चांगली हाताळतं असं तुम्ही ऐकलं असेल. निरोगी माणसाच्या बाबतीत ते खरं आहे. २०१५ मध्ये बोस्टनमधल्या फ्रँक शिअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेच जेवण शरीराच्या घड्याळातल्या संध्याकाळी दिलं, तर जेवणानंतरची साखर सकाळपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त राहते. म्हणून ‘सकाळी राजासारखं खा’ हा सल्ला निघतो. पण माझ्यासमोर बसलेला मधुमेही सकाळी सातला मीटर लावतो, उपाशीपोटी साखर १४० येते, आणि तो विचारतो, “रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग ही आली कुठून?” ती लिव्हरमधून आलेली असते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात आणि लिव्हर रक्तात ग्लुकोज सोडतं. निरोगी माणसात तेवढंच इन्सुलिन वाढून ते झाकलं जातं, मधुमेह्यात झाकलं जात नाही. अशा वेळी त्याने पोह्यांची बशी पुढे ओढली की आधीच चढलेल्या साखरेवर आणखी साखर येते. मधुमेह्याची दिवसातली सगळ्यात उंच उसळी बहुतेकदा नाश्त्यानंतरची असते, ती यामुळेच.

आता आपल्याकडच्या नाश्त्याची यादी आठवा. पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी, पाव, वर साखरेचा चहा. सगळं पीठ आणि स्टार्च, प्रथिन जवळजवळ नाहीच. साबुदाण्यात तर शंभर ग्रॅमला ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं असतात. चतुर्थीच्या आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ज्यांची साखर बिघडलेली दिसते, त्यांची चौकशी केली की खिचडीची ताटली सापडतेच.

मग नाश्ता सोडूनच द्यावा का? बरेच जण तेच करतात. इथे शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट उपयोगी पडते. १९२१ मध्ये स्टाउब आणि १९२२ मध्ये ट्राउगॉट या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवलं की माणसाला ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेवढंच दिलं, तर दुसऱ्या वेळी साखर पहिल्याइतकी चढत नाही. थंड तव्यावर टाकलेली पहिली भाकरी चिकटते आणि तवा तापला की पुढच्या नीट सुटतात, तसंच काहीसं. पहिल्या खाण्याने स्वादुपिंड जागं होतं आणि रक्तातली मुक्त चरबी खाली येते, त्यामुळे स्नायू पुढचं ग्लुकोज घ्यायला तयार असतात. २०१५ मध्ये इस्रायलच्या डॅनिएला याकुबोविच यांनी याचीच उलट बाजू तपासली. २२ मधुमेह्यांना एक दिवस नाश्ता दिला आणि एक दिवस दुपारपर्यंत उपाशी ठेवलं. उपाशी ठेवलेल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर बरीच जास्त चढली, आणि तो परिणाम रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. दुपारी दीडला एकदम भरपेट जेवणाऱ्या माझ्या पेशंटांच्या नोंदवह्यांत मला हे वारंवार दिसतं.

तेव्हा माझा सल्ला असा: सकाळी खा, पण पीठ नको. दोन अंडी, मोडाच्या मटकीची किंवा मुगाची उसळ, पनीर, मूठभर शेंगदाणे, मूगडाळीचं धिरडं. उसळीत आणि धिरड्यातही कर्बोदकं असतात, पण ती प्रथिनांच्या आणि तंतूंच्या सोबतीने येतात आणि हळू चढतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १२१ मधुमेह्यांवर हे तीन महिने करून पाहिलं गेलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. एका गटाला आठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असलेला, मुख्यतः अंड्यांचा नाश्ता. दुसऱ्याला छपन्न ग्रॅमच्या आसपास कर्बोदकांचा कमी स्निग्ध नाश्ता. दंडावरच्या सेन्सरने दाखवलं की पहिल्या गटाची दिवसभराची सरासरी साखर आणि चढउतार कमी झाले. तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीएवनसीत, दोन गटांमधला फरक मात्र लहान होता. नाश्ता बदलला की मधुमेह गेला, असं कुणी विकायला आलं तर हा अभ्यास त्याच्यासमोर ठेवा. आणि एका वेळचा नाश्ता बदलून काय होणार, असं म्हणणाऱ्यासमोरही हाच ठेवा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमची आजी-आजोबांची पिढी सकाळी भाकरी खायची, त्यांना काय झालं, असं मला प्रत्येक सभेत विचारलं जातं. ती पिढी उठल्या उठल्या भाकरी खात नव्हती. पहाटे गोठा, शेण, पाणी, मग रान. उन्हं वर आली की बांधावर न्याहारी यायची, तोवर दोन-तीन तास अंगमेहनत झालेली असे आणि न्याहारीनंतर पुन्हा काम. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातून ग्लुकोज उचलतो, आणि कामाने त्याचा साठा रिकामा झालेला असल्याने आलेलं ग्लुकोज तो भरून घेतो. मोठ्या माणसाच्या स्नायूंत चारशे ग्रॅमच्या आसपास साठा मावतो, लिव्हरमध्ये फक्त शंभर. त्यांची भाकरी मेहनतीच्या मधोमध पडायची. आपण तीच भाकरी अंथरुणातून उठून खुर्चीत बसण्याच्या मधे खातो.

आता ताटाकडे वळू. वेळ म्हणजे घड्याळातली वेळ एवढंच नसतं. एकाच जेवणातलं आधी-नंतरही त्यात येतं. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात डॉ. अल्पना शुक्ला यांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ मधुमेह्यांना एकच जेवण दोन दिवस दिलं. एका दिवशी आधी ब्रेड आणि संत्र्याचा रस, पंधरा मिनिटांनी चिकन आणि भाज्या. दुसऱ्या वेळी नेमका उलटा क्रम. चिकन आणि भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी साखर अर्ध्या तासाला सुमारे २९, एका तासाला ३७ आणि दोन तासांनी १७ टक्क्यांनी कमी होती. अन्न तेवढंच, माणसं तीच. अकराच माणसं होती, हे खरं. पण त्यानंतर हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला आणि दिशा तीच राहिली. प्रथिनं, स्निग्ध आणि तंतू आधी आतड्यात पोचले की जीएलपी-वन नावाचं हॉर्मोन स्रवतं, जठराचं दार सावकाश उघडतं आणि मागून आलेला स्टार्च थोडा थोडा पुढे जातो.

आपल्या पंगतीत काय होतं? डाव्या बाजूला कोशिंबीर, चटणी, लिंबू आणि उजवीकडे भाजी वाढलेली असते, पण हात आधी जातो तो वरण-भाताच्या मुदीकडे. मग पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात. साखरेच्या दृष्टीने ही सुरुवात सर्वांत महाग. मी पंगत मोडायला सांगत नाही. कोशिंबीर आणि उसळ आधी संपवा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग पोळीला हात लावा. कोकणात आणि गोव्यात आधी माशाची तुकडी आणि सोबतची भाजी खा, आणि शीत, म्हणजे भात, शेवटी, तेही वाटीने मोजून. एवढं ज्यांनी केलं, त्यांना दुसरा फायदाही मिळतो: भात येईपर्यंत भूक निम्मी झालेली असते आणि दुसरी वाटी मागितली जात नाही.

रात्रीबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने प्रयोग आहेत, तेही एकाच देशातले. इस्रायलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७८ लठ्ठ पोलीस अधिकाऱ्यांपैकी एका गटाला सहा महिने दिवसभरातली बहुतेक कर्बोदकं रात्रीच्या जेवणात दिली. त्यांचं वजन थोडं जास्त उतरलं आणि भूकही कमी लागली. २०१३ मध्ये याकुबोविचबाईंनी ९३ महिलांवर नेमकं उलट दाखवलं: सकाळी भरपूर आणि रात्री थोडं खाणाऱ्यांचं वजन दुपटीहून जास्त उतरलं. मग २०२२ मध्ये अॅबर्डीनमध्ये ३० जणांना सगळं अन्न मोजून देऊन तपासलं, तर सकाळी जास्त काय आणि रात्री जास्त काय, वजन सारखंच उतरलं. सकाळी जास्त खाल्ल्यावर भूक मात्र कमी लागली. माझं मत असं झालं आहे की वजनापुरतं बघितलं तर या वादात फार दम नाही. ज्याला रात्री एक पोळी खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही, आणि ज्याची साखर ठीक आहे, त्याने ती खावी, दिवसभर पथ्य पाळायला त्याला बळ मिळेल.

ज्याची साखर ठीक नाही, त्याचा प्रश्न वेगळा. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये २० निरोगी माणसांना तेच जेवण संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला दिलं. दहाच्या जेवणानंतर साखरेचं टोक सुमारे १८ टक्क्यांनी उंच गेलं आणि रात्रभरात चरबी कमी जळली. स्पेनमध्ये २०२२ साली ८४५ जणांवर दिसलं की झोपेच्या तोंडावर घेतलेलं ग्लुकोज शरीराला नीट हाताळता येत नाही, कारण अंधार पडल्यावर वाढणारं मेलाटोनिन स्वादुपिंडाला आवरतं. आणि काही लोकांच्या जनुकांमुळे हा परिणाम जास्त होतो. डोंबिवलीला किंवा विरारला नऊच्या लोकलने उतरणाऱ्याला ‘सातला जेवा’ सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं आहे. त्याने पोळी दुपारच्या डब्यात संपवावी. रात्री साडेनऊला उसळ, भाजी, अंडं किंवा पनीर, ताक. भात नाही. आणि मग दहा मिनिटं चालावं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये ४१ मधुमेह्यांवर पाहिलं: दिवसातून कधीतरी एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी आणि रात्रीच्या जेवणानंतरची २२ टक्क्यांनी कमी राहिली. शतपावली आपल्याकडे आहेच. तिची जागा टीव्हीने घेतली आहे.

लो-कार्ब नेटाने पाळणाऱ्यांसाठी एक खास सूचना. महिनाभर पथ्य पाळून लग्नात श्रीखंड-पुरी खाल्ली आणि साखर २४० आली, म्हणून रडवेले झालेले लोक मी पाहिले आहेत. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की कर्बोदकं कमी खाणाऱ्या निरोगी माणसालाही अचानक ग्लुकोज दिलं तर साखर जास्त चढते. शरीर चरबीवर चाललेलं असतं, त्याला वळायला दोन-तीन दिवस लागतात. त्या एका आकड्यावरून रोग वाढला असं ठरवू नका. ग्लुकोज पाजून करायची तपासणी असेल, तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खाऊन जायचं असतं. तुमचं पथ्य लॅबला आणि डॉक्टरांना आधीच सांगा. आठवडाभर कडक पथ्य आणि रविवारी सगळं माफ, हा प्रकार मात्र मधुमेह्यासाठी मला मुळीच पसंत नाही, याच कारणाने.

आता जे सांगतो ते कृपया नीट लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता पोळी काढली किंवा तिची वेळ हलवली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. सकाळची गोळी घेतली आणि पीठ दुपारी खाल्लं, तर अकरा वाजता घाम फुटून माणूस पडू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना कर्बोदकं फार कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. टाइप वन मधुमेही, गरोदर बाई आणि मूत्रपिंडाचा आजार असलेली व्यक्ती यांनी या व्याख्यानावरून काहीही बदलू नये. आधी औषधाची मात्रा, मग ताट.

बाकीच्यांनी आपल्या मीटरला विचारावं. पोळीचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एक पट्टी. एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री, पोळी तेवढीच. आकडे वहीत लिहा. माझ्या अनुभवात बहुतेकांची दुपार जिंकते, पण सगळ्यांची नाही. रात्रपाळीच्या वॉचमनचं आणि नर्सचं शरीर वेगळं उत्तर देतं, आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर असतं.

शेवटी, ही वेळ कोण ठरवतं? आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या वह्यांत रात्रीच्या जेवणाची वेळ साडेदहा असते. सासरे आठला जेवतात, मुलं क्लासहून नऊला येतात, नवरा दहाला. ती प्रत्येकाला गरम पोळी वाढते आणि उरलेला भात घेऊन एकटी शेवटी बसते, म्हणजे अगदी त्याच वेळी, जेव्हा तिचं शरीर तो भात हाताळायला सगळ्यात कमी तयार असतं. उसळ तोवर संपलेली असते, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. तिला मी कितीही चांगला तक्ता लिहून दिला, तरी तो तिला पाळता येत नाही. म्हणून हल्ली मी तिच्या हातात कागद देत नाही, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये म्हणतो. त्याला सांगतो की आठ वाजता तिचं ताट आधी वाढलं जाईल, त्यात उसळीची वाटी भरलेली असेल, आणि तुला दहाला पोळी गरम हवी असेल तर तवा तू ठेवायचास. या सभागृहात आज जेवढे पुरुष बसले आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.